काच वाढली

वृषालीच्या घरात भांडायचं असलं की सगळे स्वयंपाकघरात जायचे. हॉलमध्ये एखादा शब्द जरा चढला की तिचा नवरा धनंजय डोळ्यांनीच आतली दिशा दाखवायचा. मग दोघं उठून आत जायची, दार लावायची, चिमणीचा पंखा मोठा करायची आणि मग काय ते एकमेकांना सोलून काढायची. भांडून झालं की तोंड पुसून पुन्हा बाहेर, जणू काही झालंच नाही. साताऱ्यात गोडोलीच्या त्या सोसायटीत वरपासून खालपर्यंत प्रत्येक घरात हीच तऱ्हा होती. कारण एकच. स्वयंपाकघरात काच नव्हती.

हा सगळा उपद्व्याप सुरू झाला उंच इमारतींच्या खिडक्यांवरून. काच दिसायला दगडासारखी घट्ट, पण तिच्या पोटात कणांची काही शिस्त नसते. वितळलेला रस थंड होताना जो कण जिथं होता तिथंच थिजलेला असतो. वाऱ्याने तावदानावर किती ताण येतो हे कळावं म्हणून काही संशोधकांनी त्या रसात एका क्षाराचे अतिसूक्ष्म रवे मिसळले. ताण आला की रवा किंचित वळायचा आणि वळलेलाच राहायचा. वळणावर वळण साचत जायचं. लेसरचा किरण टाकला की ती सगळी वळणं क्रमाने वाचता यायची. काच तडकायच्या आधी कळावं, एवढाच बिचाऱ्यांचा हेतू. पण पहिलं तावदान वाचायला बसले तेव्हा वाऱ्याच्या जोडीला त्यांना खिडकी बसवणाऱ्या गवंड्यांची बडबड सापडली. डबा खाता खाता ते मुकादमाच्या नावाने खडे फोडत होते. आवाज म्हणजे तरी काय, हवेचा ताणच की!

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण काचेला मरण नाही. फुटली की भंगारात, भंगारातून भट्टीत, भट्टीतून पुन्हा नवी. भट्टीच्या आचेत जुनं ऐकलेलं पुसलं जायचं, रवे मात्र शाबूत राहायचे, नवं ऐकायला कान टवकारून. खिडक्यांच्या काचा वितळून बाटल्या झाल्या, बाटल्यांचे आरसे झाले, आरशांच्या लोणच्याच्या बरण्या झाल्या. चष्मे, बल्ब, गाड्यांच्या काचा, देवांच्या तसबिरी, बांगड्या, कशाकशाला म्हणून ते रवे सोडेनात. काही वर्षांत मुकी काच औषधालाही मिळेना.

आणि फोडून टाकावी म्हटलं तर तीही सोय नाही. सगळा आवाज प्रत्येक रव्यापर्यंत पोचलेला असतो, त्यामुळे तुकडा तांदळाएवढा असला तरी त्यात सगळं असतं, फक्त पुसट. मोठ्या तावदानातून माणसाचा आवाजसुद्धा ओळखू येतो. बारीक तुकड्यातून नुसते शब्द, तेही अर्धेमुर्धे. काचेला क्रम कळतो, घड्याळ कळत नाही.

झालं! झेरॉक्सच्या दुकानांशेजारी काचवाचनाची दुकानं निघाली. कुणाचं लग्न मोरांब्याच्या बरणीपायी मोडलं, कुणाची नोकरी साहेबाच्या टेबलावरच्या काचेने खाल्ली. कोर्टात काचेची साक्ष चालायला लागली तेव्हा तर लोकांची पाचावर धारण बसली. घरोघरी स्टीलचे पेले परत आले. देवांच्या तसबिरींच्या काचा उतरवल्या गेल्या, कारण देवाने ऐकलेलं चालतं, काचेने नाही. वृषालीने स्वयंपाकघराच्या खिडकीला प्लॅस्टिकचा पत्रा ठोकला. हॉलच्या खिडक्या मात्र बिल्डरने बसवलेल्या, बोलक्या. त्यांना हात लावायला सोसायटीची मनाई होती, इमारतीची शोभा जाते म्हणे.

वृषाली राजपथावरच्या एका चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असायची. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक नंबराच्या आधी विचारायचं, "बाई, भिंग बोलकं का मुकं?" दिवसभर तेच ऐकून तिचं डोकं उठायचं. घरी आली की सासू.

मंदाकिनीबाई, म्हणजे धनंजयच्या आई, तिखट बाई. सुनेचं आणि त्यांचं कधी गोडीगुलाबीचं नव्हतंच. वृषालीचे वडील ट्रक चालवायचे. तिच्या माहेरी फुटलं ते फुटलं आणि गेलं ते गेलं. इथं आल्यावर पहिल्याच महिन्यात हातातली बांगडी ओट्यावर आपटली आणि ती सहज म्हणाली, "फुटली वाटतं." सासू आणि नणंद दोघी एकदम अंगावर आल्या. "फुटली काय म्हणतेस सवाष्णीच्या तोंडाने! वाढली म्हणावं!" नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. दुकान बंद करायचं नाही, वाढवायचं. घरातनं निघताना जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं. वृषालीने एवढ्या वर्षांत त्यातलं काही म्हणून मनावर घेतलं नाही. तिची जीभ वळतच नव्हती, आणि वळत असती तरी तिने वळवली नसती.

नणंद भाग्यश्री, धनंजयची थोरली बहीण, त्याच सोसायटीत बी विंगला राहायची. सोवळं-ओवळं, सणवार, हळदीकुंकू, सगळ्यात पुढे. तिच्या तोंडून अभद्र शब्द कधी निघायचा नाही. माणसाला रक्तबंबाळ करायची, पण शब्द शुभ.

तर झालं काय, आईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली आणि कैक वर्षांनी त्यांना रंग लख्ख दिसायला लागले. शेजारणीच्या हातातला चुडा पाहून त्या वृषालीला म्हणाल्या, "मला हिरव्या बांगड्या घालाव्याशा वाटतायत गं."

आईंचे यजमान जाऊन पंधरा वर्षं होऊन गेली होती. तेव्हा ह्याच भाग्यश्रीने पुढे होऊन त्यांच्या हातातल्या बांगड्या वाढवल्या होत्या.

"घाला की मग!" वृषाली म्हणाली. "हात तुमचे, हौस तुमची." आणि दुसऱ्याच दिवशी ती सासूला घेऊन कासाराच्या दुकानात गेली. खरं सांगायचं तर त्यात आईंच्या हौसेइतकीच भाग्यश्रीताईंना डिवचायची हौस होती. त्या बांगड्या हातात किणकिणल्या तेव्हा आई लहान मुलीसारख्या हात हलवत बसल्या. वृषालीला ते बघून बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा रागही आला.

भाग्यश्रीने बांगड्या पाहिल्या. ती काही बोलली नाही. हॉलमध्ये बसली होती ना!

साताऱ्यात दुपारी दुकानं बंद असतात. त्या दिवशी वृषाली शटर अर्धं ओढून दुकानातच डबा खाऊन एकटीच पडली होती. फोन घरी चार्जिंगला राहिला होता. संध्याकाळी घरी आली तर दार नुसतं लोटलेलं. आई स्वयंपाकघरात ओट्याखाली आडव्या पडलेल्या. कपाळ फुटलेलं, डोळे उघडे, तोंड वाकडं झालेलं. दोन्ही मनगटं मोकळी आणि ओरखडलेली.

फरशी ओली होती. कुणीतरी ती नुकतीच पुसली होती. बांगडीचा एक तुकडासुद्धा कुठे नव्हता.

वृषालीने हाक मारायच्या आत बी विंगमधनं भाग्यश्री "आई गं!" करत धावत आली, जणू दारामागेच उभी होती. दवाखान्यात आई वाचल्या, पण वाचा गेली. ऐकू येत होतं, कळत होतं, तोंडातून शब्द मात्र फुटत नव्हता. आणि वॉर्डच्या दारात, सगळ्या नातेवाइकांच्या देखत, भाग्यश्रीने बोट रोखलं.

"हिनंच ढकललं माझ्या आईला! रोज दार लावून आत काय चालायचं ते आख्ख्या बिल्डिंगला माहितीये!"

वृषालीने नवऱ्याकडे पाहिलं. धनंजय दवाखान्याच्या पाटीवरची डॉक्टरांची नावं वाचत होता.

"अहो, बोला की काहीतरी!"

"आत्ता नको," तो म्हणाला. "लोक बघतायत."

भाग्यश्रीने तक्रार दिली. सोसायटीच्या जिन्यात बायका वृषालीला वाट करून द्यायच्या, पण अशी, जशी कचऱ्याच्या गाडीला देतात. सोसायटीचा कॅमेरा नेहमीप्रमाणे बंद होता. स्वयंपाकघरात काच नव्हती. भाग्यश्री निर्धास्त होती.

पण एक गोष्ट ती विसरली होती. ती आईला काच नसलेल्या खोलीत घेऊन गेली खरी, आईच्या हातात काय होतं ते मात्र तिच्या डोक्यातच आलं नाही. दवाखान्यातल्या नर्सने आईंच्या मनगटातून चिमट्याने एक हिरवा कण काढून डबीत ठेवला होता. ती डबी फौजदार तांबोळीबाईंच्या टेबलावर आली.

तांबोळीबाई बोलायला कमी आणि बघायला जास्त. त्यांनी सगळ्यांना चौकीमागच्या वाचनखोलीत बोलावलं. बोधे नावाचे एक पोक्त गृहस्थ यंत्र चालवत होते. त्यांनी तो कण चिमट्याने काचपट्टीवर ठेवला, निळसर किरण सोडला, कासाराकडचं नि घरातलं पुसट बोलणं पडद्यावरून सरलं आणि मग ही अक्षरं उमटायला लागली.

"आई, वाढव... त्या बांगड्या."

"नाही वाढवणार."

"वाढव... म्हणते ना!"

"हात सोड माझा."

"मग मी वाढवते."

त्यापुढे नुसती खरखर होती, कातडीखाली रुतलेल्या कणाला बाहेरचं धड ऐकू आलं नव्हतं. तळाशी यंत्राने आपल्या अकलेने सार लिहिलं होतं: विषय, बांगड्यांची संख्या वाढवण्याचा आग्रह. भावना, स्नेह.

वृषालीला हसू येईल की रडू हेच कळेना. स्नेह! तिने भाग्यश्रीकडे पाहिलं. आधी भाग्यश्रीचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग तिने तळाची ओळ वाचली आणि तिच्या गालावर हळूहळू रंग परतला.

"बघितलंत?" ती म्हणाली. "बांगड्या कुणी आणल्या होत्या? हिनं. आई नको नको म्हणत होती आणि ही बळजबरीनं आणखी भरत होती. हात सोड म्हणतेय माझी आई!"

"वाढव म्हणजे फोड!" वृषाली ओरडलीच. "ताई, काय खोटं बोलता हो! तुमचाच शब्द आहे हा. अहो, सांगा ना यांना! तुमच्या घरातला शब्द आहे!"

सगळे धनंजयकडे बघायला लागले. त्याने मान खाली घातली, चपलेच्या अंगठ्याशी खेळला.

"म्हणजे... जुन्या बायका म्हणायच्या तसं," तो पुटपुटला. "आता कोण म्हणतं? मला काही नक्की सांगता येणार नाही."

वृषालीला कुणीतरी भर चौकात कानाखाली वाजवावी तसं झालं. ज्याच्याशी एवढी वर्षं संसार केला त्या माणसाला घरातला एक शब्द आठवत नव्हता.

"अर्थ मला कळतो," तांबोळीबाई म्हणाल्या. "आमच्याकडेही बांगडी फुटली म्हणत नाहीत. यंत्र काही का लिहीना. माझी अडचण वेगळी आहे. हे बोललं कोण? मुलगी म्हणेल 'वाढव', सून म्हणेल 'वाढवा'. बोधे, शेवटचं अक्षर?"

"पडलंय, बाई." बोधे पडद्याजवळ डोळे नेऊन म्हणाले. "काना होता की नव्हता, सांगता येत नाही. तुकडा फारच बारीक. आवाजही ओळखू येत नाही."

एक काना! तेवढा एक काना धड असता तर सगळं तिथल्या तिथं मिटलं असतं.

"काना असणारच," भाग्यश्री लगेच म्हणाली. "फोडायचं असेल तर हिनंच म्हटलं असेल. घालायच्या हिनं, फोडायच्याही हिनं."

"मी जन्मात कधी वाढव म्हटलेलं नाही!" वृषाली म्हणाली. "मी फोड म्हणते. फुटली म्हणते. त्यापायी इतकी वर्षं शिव्या खाल्ल्यात मी."

"पुरावा?" तांबोळीबाईंनी विचारलं.

"आमच्या हॉलची खिडकी."

शब्द तोंडातून गेला आणि मग त्या खिडकीने आणखी काय ऐकलंय ते वृषालीला आठवलं.

"विचार करून सांगा," तांबोळीबाई सावकाश म्हणाल्या. "तावदान वाचायचं तर अख्खं वाचावं लागतं, सगळ्यांच्या समोर. निवडून वाचलेलं कोर्टात चालत नाही."

बाहेर आल्या आल्या धनंजयने तिचा दंड धरला. इतक्या दिवसांत प्रथमच त्याला वाचा फुटली होती.

"वेड लागलंय का तुला? घरातली लक्तरं वेशीवर टांगायची? मी ताईशी बोललोय. तू एवढंच म्हण की आईचा पाय घसरला. ती तक्रार मागे घेईल. आईला ती तिच्याकडे नेईल, तूही सुटशील. तुलाही तेच हवंय ना?"

हवंच होतं! तिथंच तर गाडं अडलं होतं. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी, आईंनी तिसऱ्यांदा गादी ओली केल्यावर, वृषाली हॉलमध्ये फतकल मारून बसली होती. बहिणीचा फोन आला. उठून स्वयंपाकघरात जायचं त्राणच नव्हतं. जे म्हणायचं ते ती तिथंच म्हणाली होती. तिला शब्दन्‌शब्द आठवत होता. खिडकीलाही आठवत असणार.

दोन दिवस ती घुम्यासारखी वागली. आईंना घरी आणलं होतं. ती त्यांना भरवायची, पुसायची, कूस बदलायची, आणि मनातल्या मनात सगळ्यांचा उद्धार करायची. ह्या बाईसाठी मी माझ्या अब्रूचं खोबरं का करून घेऊ? हिने मला कधी धड हाक तरी मारली का? पाय घसरला म्हणावं आणि मोकळं व्हावं.

तिसऱ्या दिवशी भाग्यश्री आली. हातात डबा, तोंडावर माया.

"आई, चल गं माझ्याकडे," ती पलंगाशी वाकून म्हणाली. "तुझी खोली तयार केलीये."

आईंचे दोन्ही हात चादरीवर होते. त्यांनी ते आत ओढून घेतले. आधी उजवा, मग अधू झालेला डावा, उजव्याने खेचून. मनगटं चादरीखाली लपवली आणि त्या वृषालीकडे बघत राहिल्या. डोळ्यांत नुसती भीती.

वृषालीच्या डोक्यात तिडीक गेली. त्यात प्रेमबिम नव्हतं. संताप होता, चांगला सणसणीत.

"ताई, डबा घेऊन चालायला लागा," ती म्हणाली. "आणि उद्या या. खिडकी वाचायची आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बोध्यांनी यंत्र हॉलमध्ये आणून तावदानाला लावलं. तांबोळीबाई खुर्चीत. भाग्यश्री सोफ्याच्या कडेला, ताठ. धनंजय दाराशी. आईंना चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. वृषालीने संमतीचा अंगठा पडद्यावर टेकवला आणि ती मुद्दाम सगळ्यांच्या समोर, मधोमध जाऊन बसली. लपून ऐकायचं तिच्या स्वभावात नव्हतं.

किरण काचेतून फिरला आणि घर बोलायला लागलं. बोध्यांनी निरर्थक आवाजांवरून यंत्र भरभर पुढे नेलं, माणूस बोलला की थांबवलं. टीव्ही, कुकरच्या शिट्या, वृषालीचा आवाज: "कपबशी फुटली वाटतं." लगेच भाग्यश्रीचा: "वाढली म्हणावं!" पुढे वृषाली: "नारळ फोडून ठेवलाय." भाग्यश्री: "वाढवून ठेवलाय म्हण, कितीदा सांगायचं!" पुन्हा वृषाली, पुन्हा भाग्यश्री. वर्षामागून वर्षं तेच. बोध्यांच्या मिशीखाली हसू फुटलं. तांबोळीबाईंनी खालचा ओठ दाताखाली धरला. सुनेच्या तोंडी तो शब्द एकदासुद्धा नव्हता. शिवाय सासूशी ती कितीही भांडली तरी 'तुम्ही' सोडून बोलली नव्हती.

भाग्यश्री पदराने मान पुसायला लागली.

आणि मग ते आलं. वृषालीचा थकलेला, चिरका आवाज, फोनवर बहिणीशी: "म्हातारी एकदा डोळे मिटेल ना, तर मी सुटेन. देवाने हिला न्यावं आणि मला झोपू द्यावं. बस, एवढंच मागते मी."



"ऐकलंत?" भाग्यश्री उसळून उभी राहिली. "ऐकलंत ना? ही माझ्या आईच्या मरणावर टपलेली बाई आहे!"

वृषाली वळली ती आईंकडे. आई तिच्याकडेच बघत होत्या.

"म्हणाले होते," ती त्यांना म्हणाली. "त्या दिवशी मनापासून म्हणाले होते. खोटं नाही सांगत."

आईंनी मान फिरवली. खुर्ची वळवता येत नव्हती म्हणून नुसतीच मान.

"पुढे," तांबोळीबाई म्हणाल्या.

"बाई, काय ते कळलं की आता," धनंजय घाईघाईने म्हणाला. "शब्दाचं झालंय सिद्ध. बंद करा ना."

"अख्खं म्हणजे अख्खं."

किरण तावदानाच्या शेवटाकडच्या वळणांवर आला. आधी दुपारी दार वाजलं, पावलं न बोलता आत गेली; नंतर भाग्यश्रीचं "आई गं!". माणसांची धावपळ, स्ट्रेचरची चाकं. मग शांतता. मग दार उघडून कुणीतरी आत आलं, आणि धनंजयचा आवाज हलक्या स्वरात, फोनवर: "ताई? मी घरीच आहे, आईचे कपडे न्यायला आलोय. तू फरशी नीट पुसलीस ना? कोपऱ्यातनं? ... तुकडे कुठं टाकलेस? बरं केलंस. ... अगं रडू नकोस. मला काही सांगू नकोस आणखी, मी काही ऐकलंच नाही. वृषालीचं बघू आपण."

घाबरलेल्या माणसाला स्वयंपाकघर आठवलं नव्हतं.

बोध्यांनी यंत्र बंद केलं. भाग्यश्री सोफ्यावर बसली ती पोतं ठेवावं तशी. "मी तिला ढकललं नाही हो," ती एकदम म्हणाली. "नुसत्या बांगड्या वाढवत होते. लोक हसत होते तिला. तिनं हिसका दिला आणि..." एवढं झालं तरी तिच्या तोंडून फोडत होते हा शब्द निघाला नाही.

"चौकीत सांगा," तांबोळीबाई उठल्या. दाराशी त्या थांबल्या आणि धनंजयला म्हणाल्या, "तुम्हालाही यावं लागेल उद्या. आतल्या खोलीची खिडकी पण वाचू. तोवर कशाला हात लावू नका."

संध्याकाळी वृषाली मऊ भात कालवून आईंच्या पलंगाशी बसली. आई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. सकाळपासून त्यांनी तिच्या हातचा घोट घेतला नव्हता. चमचा ओठांशी नेला की ओठ घट्ट.

"राग धरा, चालेल," वृषाली म्हणाली. "पण खाऊन धरा. उपाशीपोटी रागाला जोर येत नाही."

धनंजय घरात येरझाऱ्या घालत होता. त्याची क्षमा मागून झाली होती, रडून झालं होतं, तिच्यावर ओरडूनही झालं होतं. ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. एकाएकी तो ओट्याखालचा वरवंटा घेऊन आला आणि त्या आतल्या खोलीच्या, पलंगापलीकडच्या खिडकीसमोर जाऊन उभा राहिला. त्या तावदानात काय काय होतं ते त्यालाच ठाऊक.

"ही राहता कामा नये," तो म्हणाला. "उद्या ते यायच्या आत."

वृषालीला ठाऊक होतं, शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, की एकेका तुकड्यात सगळं राहतं. ह्यालाही ठाऊक होतं. पण माणूस घाबरला की अक्कल गहाण पडते. तिने त्याला अडवलं नाही. आईंच्या अंगावर तेवढं पांघरूण ओढलं.

खळ्ळकन आवाज झाला. तावदान कोसळलं, फरशीवर आपटलं आणि खोलीभर झालं. मोठे तुकडे, बारीक तुकडे, पलंगाखाली, कपाटाखाली, धनंजयच्या चपलांत, भातावरसुद्धा दोन-चार चमकले. वृषालीने ताट बाजूला ठेवलं.

"फुटली एकदाची," धनंजय धापा टाकत म्हणाला.

"फुटली म्हणू नये," वृषाली म्हणाली. "वाढली म्हणावं."

मग त्याने खाली पाहिलं. पायाशी सगळीकडे तुकडेच तुकडे होते आणि त्याला पाऊल टाकायला जागा नव्हती. वरवंटा त्याच्या हातातून गळून पडला.

भिंतीकडे तोंड करून पडलेल्या आईंच्या घशातून एक खरखरीत आवाज आला. वृषाली दचकून वाकली. पडल्यापासून त्यांच्या तोंडून काही आवाज निघाला नव्हता. तिने त्यांचा चेहरा आपल्याकडे वळवला.

म्हातारी हसत होती.